लांबी, पॉलिश पेपर आणि रेसिंगच्या बोटी: आमची वाटचाल

बाबा करंज्याला मच्छीमारांच्या लाकडी होड्या दुरुस्त करायचे, मी त्यांच्या हाताखालीच वाढलो आणि २००९ ला उधारीवर ग्राइंडर नि दोन ड्रम रेझिन आणून फायबरचं काम सुरू केलं. पहिली दोन वर्षं कशी गेली ते सांगत बसत नाही.

मग मुंबईहून एकांची जे-२४ आली. २४ फुटी रेसिंगची शिडाची बोट, खाली साधारण ४३० किलोंची कील, म्हणजे तळाला पाण्यात राहणारं जड पातं, त्यामुळे वाऱ्याने कलली तरी परत उठते. अमेरिकेत रॉड जॉन्स्टनने पहिली बोट स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधली, १९७७ पासून कारखान्यातून निघायला लागल्या, आता जगभर ५ हजारांच्या वर झाल्यात आणि सगळ्या एकाच मापाच्या. गंमत तिथेच आहे, बोट तीच, शिडं त्याच मापाची, क्रूचं मिळून वजनसुद्धा ४०० किलोंच्या वर चालत नाही, मग जिंकायचं ते वारा नि ओहोटी ओळखून.

मला तेव्हा हे कुठे माहीत! मी किलवर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, घासली, परत भरली, आरशासारखी केली. मालक खूश. मोजणीला किलच्या ठरलेल्या आकाराचा फरमा लावला तर मागच्या कडेला बसेचना, जाड झालेली. चूक माझीच. चार दिवस पॉलिश पेपर घेऊन घासत बसलो, फुकट. बाबा एवढंच म्हणाले, "नवरी आहे का रे ती, किती थर देतोस?" आता फरमा लावल्याशिवाय आम्ही डबा उघडत नाही.

डेकचं काम जास्त किचकट. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं लाकूड असतं, हलकं नि कडक, पण एखाद्या बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की आतल्या आत कुजतं, वरून काही दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, टणटण वाजलं तर ठीक, बद्द वाजलं की खडूने गोल करायचा. आमचा पोऱ्या हे मोबाईलवर बोलत बोलत करतो आणि चुकत नाही, वैताग येतो त्याचा.

कोणी कोणी हळूच विचारतात, "जरा हलकी करून द्या ना, कोणाला कळतंय." नाही करत. अहो, ठरलेल्या वजनापेक्षा कमी भरली तर उलट शिसं लावून वजन भरायला लागतं! यावरून दोन गिऱ्हाईकं गेली. एक परत आलं, तेही ऐन पावसाळ्यात, सगळ्या बोटी वर काढलेल्या असतात तेव्हा. त्यांची बोट सध्या शेडबाहेर ताडपत्रीखाली आहे, गणपतीनंतर नंबर.