हेमॉन बापाशी बोलतो तेव्हा

ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’ची चर्चा निघाली की लोक बहीण-भावाबद्दल बोलतात, राजाज्ञेबद्दल बोलतात. मी मात्र दर वेळी हेमॉनपाशी अडते. क्रेऑन राजाचा हा मुलगा, अँटिगनीशी लग्न ठरलेला. तिच्या भावाचं प्रेत पुरायला क्रेऑनने बंदी केलेली असते; ती आज्ञा मोडून अँटिगनी त्याला माती देते, म्हणून तिला गुहेत कोंडून मारायची शिक्षा होते. इ.स.पू. ४४१च्या सुमाराचं हे नाटक. त्यात या दोघांचा एकही संवाद नाही. कोंडून मारायला नेतात तेव्हा लग्नाआधीच मरण आलं म्हणून ती आक्रोश करते, पण त्याचं नाव घेत नाही. ‘लाडक्या हेमॉन, तुझा बाप तुझा किती अपमान करतो’ अशी एक ओळ आहे, पण हस्तलिखितांत ती बहीण इस्मेनीच्या तोंडी आहे. काही संपादक ती अँटिगनीला देतात. मला नाही पटत. तिचं सगळं चित्त उघड्यावर पडलेल्या भावाच्या प्रेतात आहे.

मग प्रेम दिसतं कुठे? हेमॉन बापासमोर उभा राहतो तिथे. ‘बाबा, मी तुमचाच आहे,’ इथून तो सुरुवात करतो. माझं तिच्यावर प्रेम आहे, असं चुकूनही म्हणत नाही. शहर त्या मुलीसाठी हळहळतंय, तुमच्या धाकाने तोंडावर कोणी बोलत नाही, एवढं सांगतो. पुरात वाकणारं झाड तगतं, ताठ राहिलेलं मुळासकट जातं, असं विनवतो. क्रेऑन म्हणतो, शहर राज्यकर्त्याचंच असतं. त्यावर मुलगा म्हणतो, ओसाड मुलखावर तुम्ही एकटे छान राज्य कराल! इतका वेळ अदबीने बोलणाऱ्या मुलाचं हे वाक्य वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरात नानांचा, म्हणजे आजोबांचा, शब्द शेवटचा. काकाने जातीबाहेर लग्न केलं आणि घरात त्याचं नाव घेणं बंद झालं. तो वारला तेव्हा नाना म्हणाले, ‘इथून कोणी जायचं नाही.’ आत्या गेली. पदर खोचून थेट खासवाडी स्मशानात, बायका जात नसत त्या काळात. तिची गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. पण ती परतल्यावर नानांनी दार लावून घेतलं, तेव्हा माझे बाबा नुकतेच नोकरीला लागले होते, नानांपुढे मान वर करून कधी बोललेले नव्हते. ते म्हणाले, ‘नाना, ताईला आत घ्या. नाहीतर मीही बाहेरच बसतो.’ ही गोष्ट मला आत्याने सांगितली. बाबांनी कधीच नाही.

ग्रीक शोकांतिका म्हटलं की नियती आलीच. अँटिगनीचा बाप ईडिपस, त्याच्या घराण्यामागे लागलेलं दुर्दैव कोरसही, म्हणजे नाटकातला नगरवृद्धांचा गायकवृंदही, आळवतो. तरी या नाटकात मला नियतीपेक्षा एक साधा क्रम जास्त छळतो. टायरेसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याच्या इशाऱ्याने क्रेऑन हादरतो, कोरसला विचारतो, काय करू? उत्तर येतं: मुलीला सोडव आणि मेलेल्याला मूठमाती दे. क्रेऑन आधी प्रेताकडे जातो. त्याला स्नान घालतो, अग्नी देतो, वर मातीचा ढीग रचतो, आणि मग गुहेकडे वळतो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो आणि हेमॉन तिला मिठी मारून रडत असतो. बापाला पाहताच तो थुंकतो, तलवार उपसतो, वार हुकतो, आणि तीच तलवार स्वतःत खुपसतो.

देवांचा कोप टाळायची क्रेऑनला घाई होती. जिवंत मुलगी थोडी थांबेल, असं त्याला वाटलं असावं. हे घराण्याच्या शापावर कसं ढकलायचं? वाट कुठली धरायची ते त्यानेच ठरवलं होतं.

हेमॉन बाहेर पडताच कोरस प्रेमदेवतेचं गाणं म्हणतो: तुझ्यापुढे कोणाचं चालत नाही, बाप-लेकांत हे भांडण तूच लावलंस. मला हे अर्धंच खरं वाटतं. प्रेमाने वेडा झालेला माणूस इतकं नीट बोलत नाही. हेमॉनला अँटिगनी हवी होती, आणि बापही शहाणा व्हायला हवा होता. रंगमंचावर कोणी त्याला पहिल्या वाक्यापासून ओरडायला लावलं, तर यातलं दुसरं प्रेम प्रेक्षकांना दिसायचंच नाही.