टर्बो डिझेलचं ॲव्हरेज पडलंय? इंजेक्टर काढायच्या आधी हे बघा

जुन्या टर्बो डिझेलचं ॲव्हरेज पडलं की गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं, "साहेब इंजेक्टर गेलेत, पंप पण खोलावा लागेल". असेलही बाबा, पण ते काम म्हणजे हजारोंचा खड्डा आणि घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे कोणी तपासलेलंच नसतं. माझी २०११ ची १.३ लिटरची डिझेल, पुण्यात १६ च्या आसपास द्यायची ती १३ वर आली, वर चढणीला काळा धूर, आणि मलाही हेच ऐकवलं गेलं. म्हटलं थांबा जरा, आधी मोजू.

मोजायचं म्हणजे फुल टाकी ते फुल टाकी, डॅशबोर्डवरच्या आकड्यावर जायचं नाही, तो कॉम्प्युटरचा हिशोब असतो. शक्यतो तोच पेट्रोल पंप, नोझल पहिल्यांदा कट झालं की बास, "राउंड फिगर करू का" म्हणणाऱ्या पोराला सरळ नाही म्हणायचं. मध्यंतरी मोठे टायर टाकले असतील तर तेही लक्षात घ्या, टायरचा घेर दोन टक्के वाढला की ओडोमीटर किलोमीटर तेवढेच कमी मोजतो, म्हणजे डिझेल तेवढंच जळतंय आणि कागदावर ॲव्हरेज मात्र पडलेलं.

मग फुकटातल्या गोष्टी. टायरची हवा, एअर फिल्टर, आणि ब्रेक जाम आहे का ते. थोडं चालवून, शेवटी ब्रेक फार न मारता गाडी थांबवायची आणि चारही चाकांजवळ हात न्यायचा, एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं असेल तर कॅलिपर (डिस्कला ब्रेक पॅडने दाबणारा भाग) किंवा हँडब्रेकची केबल अडकलीय. डिस्कला हात लावू नका, भाजतं.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, हा माझा आवडता संशयित. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून आपल्याकडे बरेच मेकॅनिक तो काढूनच टाकतात, आणि गिऱ्हाईक पण खुश की काटा आता वर जात नाही! अरे पण इंजिन गारच राहिलं तर ऑइल घट्ट राहतं, ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं अजून वॉर्मअप चालूय आणि डिझेल जास्त जातं. ब्लूटूथवाला स्वस्त ओबीडी डोंगल (सेन्सरचे आकडे मोबाईलवर दाखवणारा) लावून बघा, हायवेला कूलंट ८०-९० अंशांच्या घरात पाहिजे, ६५-७० वर घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा जागेवरच नाहीये. माझा ठीक होता.

आता टर्बो. त्याच डोंगलवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघायचा. इंजिन बंद, नुसती चावी ऑन, तेव्हा तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो, मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुणे उंचावर असल्यामुळे ९४-९५. इथेच आकडा भलता आला तर सेन्सरच खोटं बोलतोय, पुढचं सगळं बघण्यात अर्थ नाही. माझा बरोबर होता. मग सातारला जाताना खंबाटकीच्या चढणीला तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण ॲक्सिलरेटर आणि शेजारच्याला मोबाईल बघायला सांगितलं (स्वतः बघू नका, घाट आहे तो). अशा इंजिनात फुल लोडला २०० च्या आसपास तरी जायला हवा, माझा दीडशेच्या पुढे सरकेना.

म्हणजे टर्बोने दाबलेली हवा वाटेतच कुठंतरी निसटत होती. याच्यात गंमत अशी की हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसलेला असतो, त्यामुळे ईसीयूच्या हिशोबात ती हवा इंजिनात पोचलेली असते, तो डिझेल त्या मापाने सोडतो, आणि प्रत्यक्षात हवा अपुरी म्हणून डिझेल अर्धवट जळून काळा धूर. ताकद कमी म्हणून आपण पाय अजून दाबतो, खालचा गिअर टाकतो, झालं. लीक सापडला इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजला, क्लँपच्या अगदी जवळ, खालच्या बाजूने चिरलेला. आयडलला ती चीर मिटलेली असते, दाब आला की उघडते, म्हणून बॉनेट उघडून नुसतं बघून कळत नाही. होजच्या आत थोडा तेलाचा ओलावा असतोच, पण बाहेरून चिकट तेल आणि त्यावर धूळ दिसली तर तिथेच साबणाचं पाणी मारा आणि अगदी कमी दाबाने हवा भरून बुडबुडे बघा.

होज बदलल्यावर धूर गेला, चढणीला आकडा २०० पार, आणि ॲव्हरेज साडेपंधरा. उरलेला अर्धा एसीचा आणि सिंहगड रोडच्या ट्रॅफिकचा समजतो.

होज बदलूनही फरक पडला नसता तर पुढे ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) काजळीने उघडा अडकलाय का ते बघितलं असतं, आणि सगळ्यात शेवटी इंजेक्टर. ते पण लगेच काढायचे नाहीत, आधी रिटर्नची (इंजेक्टरमधून न जळता परत येणाऱ्या डिझेलची) टेस्ट करायला सांगा, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला बाटल्या लावून इंजिन चालू ठेवायचं, जी बाटली बाकीच्यांच्या पुढे पळते तो इंजेक्टर संशयित.

पेट्रोल टर्बोवाल्यांनी धुरापेक्षा फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा) बघावा. मास एअरफ्लो सेन्सरच्या (वर सांगितलेला हवा मोजणारा) गाडीत टर्बोनंतर लीक असेल तर आयडलला ट्रिम प्लसमध्ये जातो आणि बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबत असताना) मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. नुसत्या मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीला हे लागू नाही, तिथे होज हातानेच चाचपावे लागतात.