सांगली ते हरिपूर: काठानं जाऊ नका, रस्त्यानं जा

"घाटावरनं खाली उतरायचं, नदी उजव्या हाताला ठेवायची आणि चालत सुटायचं. तासाभरात हरिपूर." सांगलीहून कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूर गावी जायची वाट म्हणून मला एवढंच सांगितलं होतं. सांगणारा सांगलीतच वाढलेला, त्यामुळे शंका घेतली नाही. प्रत्यक्षात सव्वातीन तास लागले, डाव्या बुटाचा तळ उचकटला आणि येताना रिक्षावाल्यानं लुबाडलं ते वेगळंच. दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सकाळी साडेसहाला सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलावरून निघालो. पूल १९२९ सालचा. नदीचं पाणी किती चढलं ते आजही सांगलीकर याच पुलापाशी मोजतात. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. हे आकडे इथं मुद्दाम देतोय, कारण पुढची काठाची वाट अशा पुरांनी आणलेल्या गाळावरून जाते. गणपतीचं दर्शन घेतलं, घाट पाहिले. तिथवर सगळं छान, फरसबंदी आहे, सकाळचे फिरायला येणारे लोक आहेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

घाट संपले की पायवाटही संपते. पुढे मळी लागते. मळी म्हणजे नदीकाठची गाळाची काळी जमीन. सांगलीची चवदार वांगी याच मातीतली. पीक घ्यायला ही माती सोनं आहे, चालायला मात्र वैरी. वरून वाळलेली दिसते, भेगासुद्धा पडलेल्या असतात. पाय टाकला की वरची पापडी मोडते आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. ओढून काढावा तर बुटाला किलोभर माती. दहा पावलं टाकायची, काठीनं माती खरवडायची, पुन्हा दहा पावलं. जेमतेम अर्ध्या किलोमीटरला पाऊण तास गेला. मी सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकलोय, चांगले ट्रेकिंगचे बूट पायात होते. तरी हे हाल.

मळी ओलांडली तर पुढे ओढा आडवा आला. शहराचं सांडपाणी घेऊन तो नदीला मिळतो. पाणी काळं, वर फेस, आणि वास असा की नाकाला रुमाल लावूनही डोळ्यांतून पाणी यावं. रुंदी चार-पाच फुटांचीच, पण दोन्ही बाजूंना निसरडा चिखल. उडी मारायच्या बेतात होतो, तेवढ्यात वरच्या बांधावरून एक मावशी ओरडल्या, "आवो पावणं, हितनं म्होरं वाट न्हाई! वर या, वर. मगरी असत्यात तितं!"

मगरींचं ऐकून अंगावर काटा आला. सांगलीच्या आसपास कृष्णेत मगरी आहेत हे वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण मला वाट सांगणाऱ्यानं त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. हिवाळ्यात त्या सकाळच्या उन्हाला काठावर येऊन पडतात. म्हणजे आपण ज्या वेळी चालायला निघतो, नेमक्या त्याच वेळी. मळीवर त्यांच्या पायाचे ठसे न्याहाळत बसू नका, पाण्यात हात-पाय धुवायला उतरू नका, आणि मुलं बरोबर असतील तर काठाचा विचारच सोडा.

मावशींनी उसाच्या कडेनं वर काढलं. रान नुकतंच भिजवलेलं. "बांधावरनंच जावा, सरीत पाय टाकू नगासा," म्हणाल्या. पाचटानं दोन्ही हात खरवडून निघाले, पण शेवटी हरिपूर रस्ता लागला. डांबरी, सपाट, कडेला जुनी झाडं. वीस मिनिटांत गावात. हा रस्ता पहिल्यापासून होताच की! पुलापासून चार किलोमीटरच्या आसपास भरेल. याच रस्त्यानं जा. काठाची हौस गावात पोचल्यावर भागवा.

कारण तिथं गेल्यावर मात्र सगळा शीण उतरला. संगमेश्वराच्या देवळाच्या मागं घाटावर उभं राहिलं की समोरून वारणा येते आणि कृष्णेत मिसळते. कुठं घाई नाही, आवाज नाही. दोन पाण्यांच्या मधे फेसाची बारीक रेघ बराच वेळ तशीच टिकून असते. मी तासभर त्या रेघेकडे बघत बसलो होतो. एवढं शांत मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं. फक्त श्रावणी सोमवार टाळा, त्या दिवशी जत्रा असते, पाय ठेवायला जागा मिळत नाही.

गावात हळदीच्या पेवांची चौकशी जरूर करा. जमिनीखाली खोदलेली, तोंड अरुंद आणि पोट मोठं, त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली. पण माहितगार माणूस बरोबर असल्याशिवाय मोकळ्या रानातून आडवे जाऊ नका. बुजलेल्या पेवावरची जमीन खचू शकते. आणि उघड्या पेवात डोकावायचा मोह टाळा, बंद पेवात हवा कोंडलेली असते, माणूस गुदमरतो.

आता परतीचं. चिखलानं भरलेला, लंगडणारा माणूस बघून रिक्षावाल्यानं अडीचशे रुपये मागितले. मी दिले, कारण चालायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर विचारलं तर शंभराच्या वर कुणी देत नव्हतं म्हणे. रिक्षात बसायच्या आधी भाव ठरवा, नाहीतर थोडं थांबून वडाप, म्हणजे माणशी भाडं घेणारी गाडी, पकडा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. पाणी सांगलीतूनच भरून न्या, आणि जूनपासून दसऱ्यापर्यंत घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर उतरू नका, शेवाळ असतं.

पुढच्या महिन्यात आईला घेऊन संगमावर जाणार आहे. सकाळी लवकर, रस्त्यानं.