जीबीएसचा स्वॅब आणि बाळंतपणातले ४ तास

ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस, म्हणजे जीबीएस, हा जंतू कित्येक बायकांच्या आतड्यात आणि योनीमार्गात असतो. ना ताप, ना खाज. हा आजार नव्हे आणि अस्वच्छताही नव्हे, तेव्हा गरोदर बाईला कृपा करून तसं ऐकवू नका.

धोका बाळाला असतो. कळा सुरू झाल्या किंवा पाणमोट फुटली की जंतू वर चढतो आणि बाळाच्या नाकातोंडात जातो. औषध दिलं नाही तर अशा १०० बाळांपैकी एक-दोन आजारी पडतात. रक्तात जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूच्या आवरणाला सूज येते, बहुधा पहिल्या २४ तासांतच.

हा जंतू आहे का हे पाहणारी स्वॅबची तपासणी भारतात सगळीकडे आपणहून होत नाही, विचारावं लागतं. ३६ आठवडे पूर्ण झाल्यावर, ३८ भरायच्या आत स्वॅब घेतात: आधी योनीच्या तोंडाशी, मग त्याच काडीने गुदद्वाराच्या आत. नुसता योनीतून घेतला तर काही जणींचा जंतू निसटतो. रिपोर्ट ५ आठवडे ग्राह्य धरतात. या गरोदरपणात लघवीच्या कल्चरमध्ये जीबीएस आलेला असेल तर स्वॅबची गरजच नाही, कळांमध्ये पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचंच. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर ती स्वॅबच्या फॉर्मवरच लिहायला सांगा, म्हणजे त्याऐवजी क्लिंडामायसिन हे दुसरं अँटिबायोटिक या जंतूवर चालतं का तेही लॅब पाहते.

आठव्या महिन्यात गोळ्या घेऊन हा प्रश्न सुटत नाही. आतड्यातून जंतू परत येतो. औषध कळांमध्येच, शिरेतून: पेनिसिलिन जी ५० लाख युनिट, नंतर बाळ होईपर्यंत दर ४ तासांनी २५ ते ३० लाख. पहिला डोस जन्माआधी किमान ४ तास मिळायला हवा. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्ट असेल तर कळा वाढायची वाट न पाहता निघा आणि दाखल होतानाच रिपोर्ट दाखवा. कळांआधी, पाणमोट शाबूत असताना ठरवून सिझेरियन होत असेल तर हे लागत नाही.

स्वॅबच झाला नसेल तर ३७ आठवड्यांआधीच्या कळा, पाणी जाऊन १८ तास किंवा आईला ३८ अंश ताप, यांपैकी एक असलं तरी इंजेक्शन देतात. आधीच्या बाळाला जीबीएसचा आजार झाला असेल तर स्वॅब न पाहताच देतात. घरी पाणी गेलं तर घड्याळ बघून वेळ लिहून ठेवा.

७ दिवसांनंतर, ३ महिन्यांपर्यंत होणारा जीबीएस या इंजेक्शनाने टळत नाही. बाळ अंगावर ओढेनासं झालं, कण्हू लागलं, मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, अंग ३८ अंशांवर किंवा ३५.५ खाली गेलं, तर गुटी उगाळत बसू नका. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.