तुम्ही विचारलंत म्हणून: रायफलच्या गोळीत एवढं काय असतं?

"कंपनी तीच, पाकीट तेच, भाव तोच. मग लॉट नंबर वेगळा आला म्हणून एवढं अस्वस्थ व्हायचं काय कारण?" मावशी विचारते, ऑफिसातले विचारतात, नेमबाजीच्या रेंजवर मुलांना सोडायला येणारे पालक तर हमखास विचारतात. १ ऑगस्ट २०२४ ला रायफल नेमबाज स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आणलं, तेव्हापासून या प्रश्नाला एक शेपूट लागलंय: "त्याने काय गोळ्यांच्या जोरावर पदक आणलं का?"

नाही. माझं म्हणणं तसं कधीच नव्हतं. पण दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर "बहाणे सांगतेय" असं उमटतं. म्हणून एकदाच सगळं लिहिते.

मोठ्या काडतुसांचे हौशी नेमबाज, विशेषतः अमेरिकेतले, स्वतः शिसं ओततात, बंदुकीची दारू तोलतात, आपल्या रायफलला काय मानवतं ते हळूहळू शोधत जातात. आमच्या पॉइंट टू-टूच्या (०.२२ इंच) रिमफायर काडतुसात ती सोय नाही. पेटवणारा मसाला तळाच्या काठातच असतो. पिन त्या काठावर बसते, काठ चेपतो, काडतूस संपलं. ते घरी परत भरता येत नाही. आमच्या हातात फक्त निवडणं उरतं. एकाच यंत्रावर, एकाच मालातून निघालेला साठा म्हणजे लॉट. काठाची जाडी, मसाला, दारू, शिशावरचं मेण यांतलं काही केसभर बदललं तरी लॉटचा स्वभाव बदलतो. तोही सगळ्या बॅरलना सारखा लागत नाही. एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे लॉट मानवतात.

केसभर म्हणजे किती, ते सांगते. ५० मीटरवर मधलं, दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. भोकाचा मध्य ८ मिलिमीटर सरकला की एक गुण जातो. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, दशांश मोजतात, तिथे ०.८ मिलिमीटरला ०.१ गुण. मॅचची गोळी मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवतात, सेकंदाला ३२० ते ३३० मीटरच्या आसपास. लक्ष्यापर्यंत जाताना ती सुमारे १२ सेंटिमीटर खाली येते. त्यात एक गोळी ३३० ने निघाली आणि पुढची ३२० ने, तर कागदावर दोघींत सात-आठ मिलिमीटरचा फरक पडू शकतो. वर-खाली. हे वर-खाली लक्षात ठेवा.

राज्य स्पर्धेआधी माझा जुना लॉट संपला. क्लबला नवा माल आला, त्यातून मिळाला तो घेतला. आपल्याकडे मॅचच्या गोळ्या परदेशातून येतात, दहा लॉट समोर मांडून त्यातून निवडायची चैन सगळ्यांच्या नशिबी नसते. साइटर, म्हणजे मॅचआधीच्या चाचणीच्या गोळ्या, ठीक गेल्या. मॅच सुरू झाली आणि नऊ यायला लागले. एक बारा वाजता, म्हणजे घड्याळात बारा असतात तिथे, सरळ वर; मग दोन वेळा दहा गुण, मग एक नऊ सहा वाजता, सरळ खाली. डावी-उजवीकडे काही नाही. वारा बघत होते, झेंडे जवळजवळ पडून होते. स्लिंग, म्हणजे रायफलला हात बांधणारा पट्टा, सोडून पुन्हा बांधला, खांद्यातलं बट, रायफलचं मागचं टोक, पुन्हा बसवलं. परत सहा वाजता नऊ. पाठीमागे उभं राहून आमचे तेव्हाचे कोच बघत होते.

नेमबाजीत वर-खालीचा पहिला आळ श्वासावर येतो. श्वास नीट थांबला नाही की छाती हलते आणि नळी वर-खाली होते. हे शास्त्र खरं आहे, त्यात वाद नाही. मॅच संपल्यावर कोचनी बाबांना बाजूला घेतलं, पण मला ऐकू येईल इतक्याच अंतरावर. "हिला दडपण झेपत नाही. श्वास तुटतो. पोरगी मेहनती आहे, पण आतून कच्ची आहे." बाबा काही बोलले नाहीत. परतीच्या गाडीतही नाहीत. त्यांच्या पगारातून त्या गोळ्या येत होत्या.

तो पूर्ण हिवाळा मी श्वासावर घालवला. प्राणायाम, मेट्रोनोम, कोरडा सराव. गोळी न भरता ट्रिगर दाबताना रायफल इतकी स्थिर राहायची की मलाच कळेना, मग मॅचला काय होतं? आणि मी ठरवून टाकलं की मी आतून कच्ची आहे. रेंजवर जाताना पोटात गोळा यायचा. म्हणजे आधी नसलेलं दडपण आता खरंच आलं होतं.

मग एका सीनियर दीदीने माझी रायफल क्लॅम्पमध्ये आवळली. जुन्या लॉटचं एक पाकीट तिच्याकडे शिल्लक होतं. त्याच्या दहा गोळ्या, मग नव्याच्या काही गोळ्या नळी सरावण्यासाठी सोडून दिल्या, कारण वेगळं मेण बसायला वेळ लागतो. मग नव्याच्या दहा. जुन्याचं एक गोल भोक पडलं. नव्याची रुंदी तेवढीच आणि उंची जवळजवळ दुप्पट. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. क्लॅम्प श्वास घेत नाही. मी ते दोन कागद बघत तिथेच रडले. दीदी म्हणाली, "रड, पण कागद घरी ने." बाबांनी ते कितीतरी वेळ हातात धरले.

आता तुम्ही म्हणाल, झालं की सिद्ध. तेव्हा मीही तेच म्हणत होते. जो भेटेल त्याला सांगत सुटले होते की ते नऊ माझे नव्हतेच. त्या मुलीशी आज माझं भांडण आहे. दहा गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरचा भोकांचा झुबका, फार बोलका वाटतो, पण त्याच लॉटचे पुढचे दहा कधी आवळतात, कधी पसरतात. चांगल्या लॉटच्या जुन्या कार्डांवरही नीलिंगला, म्हणजे गुडघ्यावर बसून मारताना, वर-खालीचे नऊ आहेत. मग कोच अगदीच चुकले होते का? कदाचित श्वास थोडा माझा होता आणि उरलेलं गोळीचं. किती कोणाचं, हे त्या कार्डावरून आता कोणालाच वेगळं काढता येणार नाही. आणि लॉट चांगला असता तर त्या राज्य स्पर्धेतून माझी निवड झाली असती, हेही मला शपथेवर सांगता येत नाही.

पण एवढं मी सोडणार नाही: लॉट तपासणं म्हणजे बहाणा शोधणं नव्हे. उलट आहे. लॉट खात्रीचा असेल तर नऊ आल्यावर तो माझाच म्हणावा लागतो, तोंड लपवायला जागा राहत नाही. बर्मिंगहॅमला एलीच्या आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या, म्हणजे गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांच्याच, टेस्ट रेंजवर जगभरचे नेमबाज रायफल घेऊन जातात, ते कच्चे म्हणून नाही.

आता मीच लहान मुलांना शिकवते, तर नवा प्रश्न उभा आहे. चौदा वर्षांच्या मुलाला लॉटबद्दल सांगायचं कधी? लवकर सांगितलं तर प्रत्येक नऊला तो पाकीट उलटून बघेल, हे मी बघितलंय. उशिरा सांगितलं तर काय होतं, तेही बघितलंय. सध्या मी मुलांना सांगत नाही, पालकांना सांगते, आणि पाकिटावरचा नंबर स्कोअरच्या वहीत लिहायला लावते. मुलं विचारतात, "ताई, हा नंबर कशाला?" त्यांना अजून मी नीट उत्तर दिलेलं नाही.