आमची वाटचाल, म्हणजे आमच्या दोघांची

प्रेसची वाटचाल लिहा असं मुलं कधीपासून मागे लागलीयेत, पण ती लिहायची म्हणजे आधी माझ्या वर्गमित्राबद्दल लिहावं लागणार. अर्धी प्रेस त्याची होती, आणि कामाच्या बाबतीत बघाल तर अर्ध्याहून जास्तच.

आम्ही लालबागचे, पहिलीपासून एका बाकावर. दोघांचेही वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा आम्ही सातवीत होतो, आणि घरची ओढाताण बघून हा शाळा सुटली की एका पेंटरकडे बॅनर रंगवायला जायला लागला. अक्षर त्याचं मुळातच देखणं, फळ्यावरचा सुविचार दहावीपर्यंत त्यानेच लिहिला, बाई दुसऱ्या कोणाच्या हातात खडू द्यायच्याच नाहीत.

1991 ला त्याच्या चाळीतल्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलं. लाकडी फ्रेम, ताणलेलं कापड, स्क्वीजी म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, आणि छापलेलं सुकवायला दोऱ्या, बस. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्ड, मंडळांची पावती पुस्तकं. ऑर्डरी आणणं आणि वसुली माझ्याकडे, छपाई सगळी त्याची.

आता मुंबईत मंडळांचं काम येतं ते नेमकं आषाढ-श्रावणात, तेव्हा हवा इतकी दमट की कागद पाणी ओढून फुगतो, आज एक रंग मारला आणि उद्या दुसरा मारायला घेतला की रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, हललेलं, बाप्पाच्या सोंडेचा लाल रंग रेषेच्या बाहेर. शाई पण लवकर सुकत नाही. त्याने यावर पद्धतच बसवली, कागदाचं रीम, म्हणजे बांधलेला गठ्ठा, आधी आणून ठेवायचं पण वेष्टन फोडायचं नाही, फोडलं की पहिला रंग सुकल्या सुकल्या दुसरा, आणि थांबावंच लागलं तर गठ्ठा प्लास्टिकमध्ये घट्ट बांधायचा. नवीन पोरगा कामाला आला की आजही आम्ही पहिलं हेच शिकवतो.

नंबरिंगचंही तसंच. मंडळाचा सगळा हिशोब पावतीच्या नंबरवर, एक नंबर गळला किंवा दोनदा पडला तर खजिनदाराला सगळ्यांसमोर उत्तर द्यावं लागतं. म्हणून बाइंडिंगच्या आधी प्रत्येक पुस्तक तो स्वतः चाळायचा, कितीही रात्र होवो. मंडळं आमच्याकडे टिकली ती यामुळे, माझ्या गोड बोलण्यामुळे नाही.

पुढे परळला गाळा घेतला, ऑफसेटचं छपाई मशीन आलं, कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं डीटीपी आलं. 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाला आणि प्रत्येक दुकानदाराला नवीन बिलबुकं हवी झाली, तेव्हा आम्ही दोघं गाळ्यातच झोपायचो. 2020 उलटं, सार्वजनिक गणपतीची मूर्तीच 4 फुटांपर्यंत, वर्गणी नाही म्हणजे पावती पुस्तकं नाहीत. तो म्हणाला, "आपण दोघं पगार घेऊ नको, पण एकाही पोराला घरी पाठवायचं नाही." नाही पाठवलं.

2022 ला हार्ट अटॅकने गेला. श्रद्धांजलीचं कार्ड आमच्याच प्रेसमध्ये छापायचं होतं, ऑपरेटर एकेक फॉन्ट दाखवत होता आणि त्याचं नाव मला कशातच बघवेना. शेवटी माळ्यावरचे जुने ट्रेसिंग पेपर काढले, त्याच्या हातची अक्षरं त्यातून एकेक शोधली, आणि त्यातून त्याचं नाव जुळवलं. तेराव्याला कितीतरी मंडळांचे जुने-नवे खजिनदार आले होते, शाळेतल्या बाई पण आल्या, काठी टेकत.

त्याचा हिस्सा तसाच ठेवलाय. त्याची मुलगी आता पार्टनर आहे, डिझाइन आणि नंबरिंगचं चेकिंग तीच बघते, आणि पावतीवर वर्गणीचा क्यूआर कोड छापायचं तिनेच सुरू केलं. ती अक्षरं स्कॅन करून त्यांचा पूर्ण देवनागरी फॉन्ट बनवायचं काम पण तिने घेतलंय, जोडाक्षरं बरीच बाकी आहेत.