खाडा

त्या हिवाळ्यात माझी रूमपार्टनर नेपाळला वैद्यकीय सेवेच्या शिबिराला गेली. तिकीट, राहणं-खाणं, वर संस्थेची फी, सगळं पदरचं. मलाही तिने विचारलं होतं. घरी पैसे मागायची सोय नव्हती, म्हणून मी पलूस तालुक्यात ऊसतोड कामगारांच्या तपासणी शिबिराला नाव दिलं. तेव्हा मी मिरजेत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होते.

अशा शिबिरांबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, आजही नाही. बॅनर, नारळ, सत्कार, आणि येईल त्या बाईच्या हातात लोहाच्या गोळ्यांची पट्टी. ज्या बाया पहाटे भाकऱ्या थापून अंधारातच फड गाठतात, त्या सकाळी दहाला शाळेच्या पटांगणात येणार कशा? आले ते गावातलेच बीपी-शुगरवाले आजोबा. शेवटी आशाताईच सरांना म्हणाल्या, "त्या काय येत न्हाईत सर. आपणच जाऊया फडावर." आम्ही खोकी जीपमध्ये टाकली.

टोळी बीडकडची होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती मोळ्या बांधते आणि डोक्यावरून ट्रॉलीत चढवते. हंगामाआधीच मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. कामाला आलं नाही की खाडा, आणि खाड्याचे पैसे उलट कामगाराच्याच नावावर चढतात. दोघांतलं एक पडलं की दुसऱ्याचाही दिवस बुडतो, कारण अर्धा कोयता कुणी मोजत नाही.

बांधावर लिंबाखाली एक बाई पाय पसरून बसली होती. घोट्याच्या वर सुतळी करकचून आवळलेली, आणि सूज सुतळीला न जुमानता पोटरीपर्यंत चढलेली. कातडी तुकतुकीत ताणली होती. "काटा भरलाय म्याडम," नवरा म्हणाला. सर खाली बसले, पाय बघितला आणि तिला म्हणाले, "ताई, जरा थुंका बघू." थुंकीत रक्त होतं. हिरड्यांतून येत होतं.

पहाटे अंधारात पाचट ओढताना चावलं होतं. ऊन वर येईपर्यंत तिने मोळ्या बांधल्या होत्या.

"घोणस," सर एवढंच म्हणाले.

आमचा जिल्हा बत्तीस शिराळ्याचा. नागाबद्दल इथे शेंबड्या पोराचंही मत असतं. घोणशीला मात्र ना सण ना मान. तिच्या विषाने रक्त गोठवणारे घटक संपून जातात, मग रक्त थांबत नाही, आणि पाठोपाठ मूत्रपिंडं बसतात.

"हितंच एखादं इंजेक्शन मारा की," नवरा परत परत म्हणत होता. मला त्याचा राग आला होता, पण त्याची नजर बायकोकडे नव्हतीच, रस्त्याकडे होती. मोटारसायकलवरून मुकादम आला. त्याचं म्हणणं, संध्याकाळी गाडी भरली की न्या, गाडी अर्धी राहिली तर कारखाना मला धरतो. सर त्याला रक्त, किडनी वगैरे समजावू लागले. तो मान डोलवत होता आणि जागचा हलत नव्हता. मग आशाताई पुढे झाल्या.

"मुकादम, ही मेली तर उचल कुणाकडनं फेडून घेणार?"

"न्या," तो म्हणाला. वैद्यकशास्त्राने जे जमलं नाही ते एका वाक्यात झालं, आणि असं वाक्य आम्हाला कुठल्याच विषयात शिकवत नाहीत.

प्राथमिक आरोग्य केंद्र दहा मिनिटांवर होतं. हिरड्यांतलं रक्त बघूनच प्रतिविष द्यायचं ठरलं होतं, तरी सिस्टरनी आधी २ मिली रक्त काचेच्या नळीत घेतलं. नळी कोरडी, कोरी लागते. प्लॅस्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही नाही. २० मिनिटं तिला हात लावायचा नाही, मग आडवी करून बघायचं. "घट्ट झालं तर बरं," मी नवऱ्याला सांगितलं. तो टेबलाशी उभा राहून नळीकडे बघत राहिला.

मला काम मिळालं कुप्या तयार करायचं. प्रतिविषाची पांढरी पूड असते, प्रत्येक कुपीत १० मिली पाणी सोडायचं. मी सवयीने हलवायला लागले तशा सिस्टर ओरडल्या, "हलवू नको गं, तळहातात फिरव! फेस झाला की वाया गेलं." पूड लवकर विरघळत नाही. बाहेर माणूस मरणाच्या दारात आणि आपण कुपी हळू फिरवत बसायचं. अशा १० कुप्या. नवऱ्याने मध्येच विचारलं, "एवढ्या? लई बारीक हाय ती." सिस्टर म्हणाल्या, "साप काय वजन बघून विष सोडतो व्हय?" खरंच, लहान मुलालाही मात्रा तेवढीच.

नळी आडवी केली तेव्हा रक्त पाण्यासारखं वाहत तोंडापर्यंत आलं. त्याला काही सांगावं लागलं नाही.

प्रतिविषाचं सलाईन सुरू झाल्यावरच सरांनी सुतळी हळूहळू सैल केली. एकदम सोडली तर अडकलेलं विष एकदम वर चढायची भीती. थोड्या वेळाने प्रतिविषाचीच रिअ‍ॅक्शन आली, तिला खाज सुटली, अंगावर गांधी उठल्या, दात वाजायला लागले. सलाईन थांबवून मांडीत अ‍ॅड्रिनलिन दिलं. सिस्टरनी ते सुरुवातीलाच भरून ट्रेमध्ये ठेवलं होतं. ती सावरल्यावर सलाईन पुन्हा, हळू. मग १०८ बोलावून सांगलीला सिव्हिलला. गाडीत तिने एकदाच तोंड उघडलं. लेकरू कोपीवर आहे, शेजारणीला सांगा, म्हणाली.

सहा तासांनी पुन्हा नळी लावली. रक्त पातळच. पुन्हा १० कुप्या. पहाटेच्या नळीत मात्र गोळा धरला. लघवीचा रंग निवळला, डायलिसिसची वेळ आली नाही. मी वॉर्डात चकरा मारत होते त्यात अभ्यास कमी आणि काळजीच जास्त होती. नवरा कॉटखाली पोतं टाकून झोपायचा आणि भेटला की एकच विचारायचा, कधी सोडतील?

सोडल्यानंतर आशाताईंचा फोन आला. मुकादम खाडे धरतोय, दवाखान्याचा कागद दाखवा म्हणतोय, आणि या दोघांचं डिस्चार्ज कार्ड गडबडीत वॉर्डातच राहिलंय. मी कार्ड शोधलं, झेरॉक्स काढली आणि पलूसच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली. आशाताईंनी ती मुकादमाला नेऊन दाखवली. त्याने कागद नीट वाचला, तारखा बोटांवर मोजल्या आणि बाईचे खाडे सोडून दिले.

नवऱ्याचे धरले. त्याला कुठे साप चावला होता.